रिपोर्ट नॉर्मल आला, डोकं नाही आलं

मिरजेत स्टेशनवर कुणी परगावचा माणूस उतरला की रिक्षावाले "कुठं जायचं" असं क्वचितच विचारतात, "कुठल्या दवाखान्यात" असंच विचारतात. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं आणि मग गाव दवाखान्यांच्या भोवतीनं वाढत गेलं, बेळगाव विजापूरकडून पण माणसं येतात, प्रत्येक गल्लीत एक मेडिकल आणि दर दोन मेडिकलमागे एक लॅब. त्यातल्याच एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, डीएमएलटी म्हणजे लॅबचा डिप्लोमा करून लागले ती अजून तिथंच. आणि मला हेल्थ अँक्झायटी आहे, म्हणजे आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय अशी सारखी भीती. हसा खुशाल, माझी सख्खी बहीण पण हसली होती.

लोकांना वाटतं हिला तर सगळं माहिती, हिला कसली भीती. पण माहिती असली की भीती जाते हे ज्यानं कुणी पसरवलंय त्याला एकदा माझ्या डोक्यात रात्री दोन वाजता आणून बसवायला पाहिजे. साध्या माणसाला ताप आला की तो टायफॉईड, डेंग्यू एवढ्यावर थांबतो. मला पुढची चाळीस नावं पाठ आहेत.

आधी लॅबमधलं एक सांगते कारण ते कळलं तर पुढचं कळेल. रिपोर्टवर उजवीकडे जी रेंज छापलेली असते ना, म्हणजे प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख वगैरे, ती साधारणपणे अशी ठरवतात की धडधाकट माणसांचे आकडे घ्यायचे आणि मधले ९५ टक्के नॉर्मल धरायचे. म्हणजे उरलेले ५ टक्के सुद्धा धडधाकटच असतात पण त्यांचा आकडा रेंजच्या बाहेर पडतो आणि आमचं सॉफ्टवेअर तो ठळक करून त्याच्यापुढे एच (हाय, जास्त) नाहीतर एल (लो, कमी) मारतं. आता हिशोब करा, एका टेस्टला वीसात एक, मग वीस टेस्ट एकत्र केल्या तर ठणठणीत माणसाचा निदान एक तरी आकडा ठळक येण्याची शक्यता साधारण ६४ टक्के. (टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात म्हणून प्रत्यक्षात अगदी तेवढीच नाही येत, पण कल्पना आली ना.) आणि हल्ली जी फुल बॉडी पॅकेजं निघालीत त्यात सत्तर-ऐंशी टेस्ट असतात, वाढदिवसाला बायको नवऱ्याला गिफ्ट देते, आणि मग तो माणूस तो कागद घेऊन काउंटरवर येतो, "ताई, ह्यात तीन ठिकाणी काळं केलंय, काय हाय वो?" त्यात कॅन्सर मार्करवालं पॅकेज असेल तर विचारूच नका. सीए १२५ हा अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर पाळीच्या दिवसांत पण वाढतो, एन्डोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं त्या दुखण्यात) वाढतो, आणि ती बाई आठवडाभर जेवत नाही.

मशीन पण चकवतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं, काही जणांच्या प्लेटलेट त्या ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटतात, मशीनला तो गोळा प्लेटलेट म्हणून ओळखूच येत नाही आणि आकडा येतो चाळीस हजार. स्लाइड बघितली की कळतं की ह्या तर मस्त घोळका करून बसल्यात, मग सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत सॅम्पल घ्यायचं. हे मी नवीन मुलींना शिकवते. अगदी शांतपणे, हसत शिकवते.

आणि हे सगळं शिकवणारी मी, दुपारी गर्दी ओसरली की स्वतःचं रक्त काढून मशीनला लावायचे. आकडे नॉर्मल यायचे. मग वाटायचं मशीनचं काय खरं, स्लाइड बघू. पेशी दिसाव्यात म्हणून लिशमन स्टेन म्हणजे रंग करायचा, तेलाचा थेंब टाकायचा, शंभरच्या लेन्सखाली एकेक पांढरी पेशी बघत बसायचं. शंभर पेशी चांगल्या दिसल्या तरी एखादी लिम्फोसाइट जरा मोठी, कडेनं निळसर, लाल पेशीला घासून वाकडी झालेली अशी दिसतेच, साध्या सर्दीनंतर कुणालाही दिसते, दुसऱ्याच्या स्लाइडवर मी तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. स्वतःच्या स्लाइडवर ती एक सापडली की संध्याकाळपर्यंत हात गार.

ह्याची सुरुवात मानेतल्या गाठीपासून झाली. डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली, वाटाण्याएवढी, मऊ, हलणारी. अशी गाठ कित्येकांना असते, दात दुखला घसा बसला की येते आणि नंतर बारकी होऊन राहते. ईएनटी डॉक्टरांनी बघितली, सोनोग्राफी झाली, एक सेंटिमीटरच्या आत, काही नाही. दवाखान्यातून बाहेर पडताना इतकं हलकं वाटलं की आम्ही सगळे भडंग आणि चहा घेऊन घरी आलो. आणि रात्री भांडी घासताना विचार आला, सोनोग्राफीवाल्यांनी प्रोब नेमका त्याच गाठीवर ठेवला होता ना? की शेजारच्या? झालं. दुसऱ्या दिवसापासून दर अर्ध्या तासाला बोट मानेवर. आणि गाठ दिवसातून पन्नासदा दाबली की ती दुखायला लागते, सुजल्यासारखी होते, मग वाटतं वाढली. बोटानंच वाढवायची आणि बोटानंच मोजायची.

काउन्सेलर मॅडमकडे गेले तेव्हा मला वाटलेलं की त्या माझी भीती काढतील. त्यांनी पहिल्या दिवशी गाठीबद्दल काहीच विचारलं नाही, विचारलं की दिवसातला किती वेळ ह्यावर विचार करण्यात जातो, कुठं बसून करता, सुरू कसा होतो, थांबतो कसा. मला राग आला होता खरं तर, मी आजाराचं बोलायला आलेय आणि ह्या वेळापत्रक विचारतायत. पण मुद्दा तोच होता. भीती सगळ्यांना वाटते, छातीत कळ आली तर कुणीही दचकेल. दचकणं दोन मिनिटांचं असतं, त्यानंतर चार तास डोकं जे चालू राहतं तो वेगळा प्रकार आहे, मानसशास्त्रवाले त्याला परत परत येणारा नकारात्मक विचार असं काहीतरी म्हणतात, आणि तो डिप्रेशनमध्ये, काळजीच्या आजारात, झोप न येणाऱ्यांत, सगळ्यांतच सापडतो, फक्त विषय बदलतो. माझा विषय माझं शरीर.

मग मॅडमनी विचारलं, एवढा विचार करून तुम्हाला मिळतं काय? मी म्हटलं काही नाही, त्रासच होतो. त्या म्हणाल्या नीट बघा, काहीतरी वाटत असणार. आणि ते खरंच होतं. मला आतून वाटायचं की मी विचार करते म्हणजे मी सावध आहे. मी बेसावध झाले, हसले, गाणी लावून भाकरी थापत बसले की नेमकं तेव्हाच ते येईल. आपल्याकडे तर हे घरोघरी आहे, मुलगं तब्येतीनं बरं दिसतंय म्हटलं की लगेच "नको म्हणू, दृष्ट लागेल". म्हणजे चांगलं चाललंय हे मान्य करणंच धोक्याचं. मँचेस्टरचे एड्रियन वेल्स म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांची अख्खी थेरपी ह्याच्यावर उभी आहे की माणसाला विचारांबद्दल काय वाटतं ते बघा. एकीकडे वाटतं विचार केल्यानं मी वाचेन, दुसरीकडे वाटतं हे विचार माझ्या हातात नाहीत, ह्यांनीच मला वेड लागेल. दोन्ही एकाच डोक्यात, एकाच वेळी. मन चिंती ते वैरी न चिंती असं आजी म्हणायची पण त्या मनाला चिंतणं हेच आपलं कर्तव्य वाटतं हे आजीनं सांगितलं नव्हतं.

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच कळणं होती. विचार करणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. काळजी घेणं म्हणजे बीपीची गोळी वेळेवर घेणं, वर्षातून एकदा डॉक्टरांनी सांगितलेल्या तेवढ्या टेस्ट करणं, तंबाखू सोडणं. त्याला वेळ फार लागत नाही. बाकीचे तास जे जातात ते फुकट.

आता ह्यावर लोक सल्ला काय देतात? "विचारच करू नकोस." माझ्या चुलत सासूबाईंनी तर एकदा सांगितलं, मनातून काढूनच टाक बघ. १९८७ मध्ये डॅनिएल वेग्नर नावाच्या माणसानं अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला की घंटी वाजवायची, आणि पोरं घंट्या वाजवत बसली. वर त्यांना नंतर सांगितलं की आता खुशाल करा विचार, तर ज्यांनी आधी दाबला होता त्यांना तो जास्तच आला. त्यामुळे मनातून काढून टाक हा सल्ला प्रेमानं दिलेला असला तरी तो बाद. पॉझिटिव्ह विचार कर हा पण बाद, कारण मी "मला काही झालेलं नाही" म्हटलं की डोकं लगेच म्हणतं "पुरावा?"

तर काढून टाकायचा नाही, पुढे ढकलायचा. ही कल्पना पण जुनी आहे, १९८३ च्या सुमारास बोर्कोव्हेक आणि मंडळींनी मांडलेली. दिवसातली एक वेळ ठरवायची, ठरलेली जागा, अर्धा तास, तेव्हा मनसोक्त काळजी करायची. इतर वेळी विचार आला की त्याच्याशी वाद नाही, "आत्ता नाही, साडेसहाला." मी लॅबमधल्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर एक ओळ टिपायचे, "गाठ", "डोळा फडफडतो", "सकाळी भूक कमी", बस. झोपायच्या आधीची वेळ मात्र घेऊ नका, रात्रीची काळजी सकाळपर्यंत पुरते. मी लॅबवरून आल्यावर गच्चीच्या जिन्यात बसायचे. पहिले काही दिवस अजिबात जमलं नाही, साडेसहाचं ऐकायला विचार काय आपले नोकर आहेत का, दर पाच मिनिटांनी परत हजर. पण आला की परत तेवढंच वाक्य. हळूहळू असं व्हायला लागलं की साडेसहाला यादी घेऊन बसलं की सकाळी जे भयंकर वाटलेलं ते शिळं वाटायचं. "डोळा फडफडतो" ह्याच्यावर अर्धा तास काळजी करून दाखवा बरं, दहा मिनिटांत कंटाळा येतो. गाठीवर मात्र पूर्ण अर्धा तास जायचा, खोटं कशाला बोलू, काही दिवस रडू पण यायचं. पण अर्धा तास आणि आख्खा दिवस ह्यात फरक आहेच ना.

त्या अर्ध्या तासात सुद्धा काय विचार करायचा ह्याची एक गंमत आहे. माझे प्रश्न असे असायचे, मलाच का सारखं काहीतरी होतं, माझं शरीरच असं का, मला काही झालं तर लेकीचं काय, मी अशी का आहे. ह्यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही म्हणूनच ते फिरत राहतात. एडवर्ड वॉटकिन्स म्हणून इंग्लंडमध्ये आहेत, त्यांचं काम ह्याच्यावरच आहे, की असं अधांतरी "का" विचारण्यापेक्षा ठोस "काय, कुठे, कधी, कसं" विचारलं तर तेच डोकं वेगळं चालतं. माझ्या रजिस्टरातलं एक पान सांगते. वर लिहिलंय, "छातीत परत धडधड. मलाच का? माझं हृदयच कमजोर असणार. मामा असाच गेला." त्याच्याखाली मॅडमनी लिहायला लावलेलं: काय झालं, दोन ठोके चुकल्यासारखे. कधी, दुपारी चार, दुसऱ्या मजल्यावर सॅम्पलचा ट्रे घेऊन चढल्यावर. त्याआधी काय, जेवण नाही, दोन चहा. किती वेळ, एक मिनिट. ईसीजी कधी केला, मे महिन्यात, डॉक्टर म्हणाले असे एक्स्ट्रा ठोके चांगल्या हृदयात पण पडतात. आता पुढचं काम काय, जेवणे. इतकंच. खालचं वाचताना हसू येतं पण वरचं लिहिताना मी मामाच्या तेराव्यापर्यंत पोचले होते.

आता घरच्यांबद्दल, कारण ह्या आजारात घरचे पण ड्यूटीवर असतात. आमच्या घरी संवाद असा असायचा. "अहो, जरा हात लावून बघा ना, वाढल्यासारखी वाटतीय का?" "नाही गं." "नीट बघा की." "नाही वाढली, आहे तेवढीच आहे." "म्हणजे आहे ना पण?" माणूस बिचारा काय बोलणार. पॉल सल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ मध्येच लिहिलं होतं की अशा माणसाला पुन्हा पुन्हा धीर दिला की तात्पुरतं बरं वाटतं आणि मग विचारायची गरज उलट वाढते, ओसीडीत, म्हणजे तेच तेच करत राहायच्या आजारात, सारखे हात धुणाऱ्या माणसाला हात धुऊन जसं वाटतं तसंच. मॅडमनी नवऱ्याला बोलावून सांगितलं की "काही नाही झालं" हे वाक्य बंद. त्याच्याऐवजी काय म्हणायचं ते आम्ही तिघांनी मिळून ठरवलं: "ह्याचं उत्तर मी देणार नाही असं ठरलंय आपलं. पण बस इथं." पहिल्यांदा त्यांनी हे म्हटलं तेव्हा सासूबाई आतून ओरडल्या, "आरं बघ की हात लावून, एवढी म्हणतीया तर! काय जातंय तुझं?" मग त्यांना पण समजवावं लागलं. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही पण आता मी विचारलं की त्या म्हणतात, "मला न्हाई बोलायची परवानगी." आणि भाजी निवडायला देतात.

ह्यातली अवघड गोष्ट अशी की घरच्यांनी एकदम तोडून टाकलं की माणूस दुसरीकडे जातो. मी मोबाईलकडे गेले. गुगलवर डोकेदुखी टाकली की चार क्लिकमध्ये ब्रेन ट्यूमरवर पोचायचं हे २००८ मध्येच मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी, व्हाइट आणि हॉर्विट्झ यांनी, लोकांचे सर्च तपासून दाखवलंय. आता एआयला विचारता येतं, तो तर रात्री तीनला पण न कंटाळता उत्तर देतो, न कंटाळता हीच तर अडचण आहे, नवरा निदान घोरायला लागायचा. हातातल्या घड्याळाचं पण तेच. मी ठोके दाखवणारं घड्याळ लेकीला देऊन टाकलं, ती त्यात पावलं मोजते.

अजून एक आहे जे मला सगळ्यात आवडलं, लक्ष वळवायचा सराव. हा पण वेल्स यांचाच, १९९० चा. डोळे उघडे ठेवून बसायचं आणि आवाज ऐकायचे. आमच्याकडे आवाजांना तोटा नाही, पंखा, शेजारचा मिक्सर, लांबून स्टेशनची अनाउन्समेंट, गिरणी, कुत्रं, नळ. आधी काही मिनिटं एकाच आवाजावर लक्ष, समजा गिरणी, बाकी सगळे राहू देत पण लक्ष गिरणीवर. मग भराभर बदलायचं, गिरणी, पंखा, नळ, कुत्रं. मग शेवटी सगळे एकदम ऐकायचा प्रयत्न. दहा-बारा मिनिटांचा खेळ. आणि मधे विचार आला, मान दुखली, तर त्याला हाकलायचं नाही, तो पण एक आवाज समजून राहू द्यायचा. महत्त्वाचं म्हणजे हे भीती वाटत असताना उपाय म्हणून करायचं नाही, एरवी बरं असताना करायचं. भीती घालवायला केलं की ते परत दाबणंच झालं. ह्यानं कळतं काय, तर लक्ष हे आपल्या हातात आहे, शरीराकडे ते आपोआप जातं पण परत आणता येतं. माझ्या ओळखीच्या एक काकू जप करतात, त्या म्हणाल्या हे तर आमचंच. असेल, पण त्या माळ घेऊन बसतात तेव्हा बीपी कमी व्हावं म्हणून दर दहा मण्यांनी नाडी बघतात, मग ते तुमचं पण नाही आणि आमचं पण नाही.

हे सगळं वाचून कुणी डॉक्टरकडे जाणंच बंद करू नये म्हणून स्पष्ट सांगते. आमच्या काउंटरवर एक कप्पा आहे, न नेलेल्या रिपोर्टचा. लोक सॅम्पल देतात, पैसे भरतात आणि रिपोर्ट न्यायला येतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर उघडत नाहीत, दोन टिका निळ्या होत नाहीत. आधी मला वाटायचं विसरले असतील. आता कळतं की त्यातले काही माझेच भाऊबंद आहेत, फक्त उलट्या तोंडाचे. २०१३ मध्ये डीएसएम-५ आलं, अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांचं पुस्तक, त्यात हायपोकाँड्रिया हा जुना शब्द काढून टाकला आणि नवीन नावात दोन प्रकार सांगितले, एक सारखे दवाखान्यात पळणारे आणि एक दवाखान्याचं तोंड न बघणारे. आणि २०२३ च्या शेवटी स्वीडनमधल्या चार हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला की ज्यांना हे निदान आहे ते इतरांपेक्षा सरासरी पाचेक वर्षं लवकर जातात, आजारानं पण आणि आत्महत्येनं पण. म्हणजे "काही नाही हो, मनाचे खेळ" म्हणून हसण्यावारी न्यायचं हे दुखणं नाही. (आणि माझ्यासारख्या कुणी हे वाचून आत्ता छातीवर हात ठेवला असेल तर तो विचार साडेसहासाठी टिपून ठेवा. उपचार न घेता तसंच राहणं नडतं.)

माझा नियम असा ठरलाय, आणि तो डॉक्टरांबरोबर बसून ठरवलाय, मनानं नाही. एकच डॉक्टर, फॅमिली डॉक्टर, ते म्हणतील तरच पुढे. नवीन काही बारीकसारीक जाणवलं तर दोन आठवडे थांबायचं, तरी राहिलं तर दाखवायचं. छातीत दाबल्यासारखं दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं, श्वास लागणं, कुठून रक्त जाणं, ह्याला दोन आठवडे नाहीत, लगेच जायचं, तिथं अँक्झायटी बिंक्झायटीचा विचार करत बसायचा नाही. आणि स्वतःचं सॅम्पल स्वतः लावायचं नाही. ह्या शेवटच्यासाठी मी आमच्या लॅबच्या रिपोर्टवर सह्या करणाऱ्या डॉक्टर मॅडमना सांगून ठेवलंय, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दुपारच्या रिकाम्या वेळेत मला बिलिंगला बसवायला लागल्या.

मी गोळ्या पण घेतल्या, एसएसआरआय म्हणजे डिप्रेशन-अँक्झायटीवर देतात त्या, सायकियाट्रिस्टनी दिलेल्या. त्याची पण एक मजा. पहिले काही दिवस मळमळतं, असर यायला काही आठवडे जातात, आणि गोळीच्या पाकिटातला तो घडीचा कागद, ज्यावर साइड इफेक्ट छापलेले असतात, तो हेल्थ अँक्झायटीवाल्या माणसाच्या हातात देणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. तो कागद नवऱ्यानं मेडिकलमध्येच काढून ठेवायला सांगितला. सगळ्यांना गोळ्या लागतात असं नाही. आणि बोलण्याच्या उपचारानं सगळे खडखडीत बरे होतात असं पण नाही. इंग्लंडमध्ये २०१४ ला छापलेला एक मोठा अभ्यास आहे, ४४४ रुग्ण, हृदय-पोट-मेंदू-श्वास अशा साध्या ओपीडीत येणारे, त्यांना थोडं ट्रेनिंग दिलेल्या नर्स वगैरे लोकांनी सीबीटी दिली, म्हणजे विचार आणि सवयी बदलायचा बोलण्याचा उपचार. वर्षानंतर अगदी नॉर्मलला आलेले साधारण १४ टक्के, आणि नेहमीच्याच उपचारावर ठेवलेल्यांत ७ टक्के. दुप्पट म्हणजे चांगलंच, पण १४ म्हणजे १४. एकूण सरासरीत त्रास कमी झाला, पण बाकीच्यांचा पूर्ण गेला नाही. मी त्या बाकीच्यांतली. मला त्या आकड्यानं वाईट नाही वाटलं उलट बरं वाटलं, कारण मी पूर्ण जायची वाट बघत होते आणि ते बघणं पण परत तपासणंच होतं, गेलं का, आज गेलं का, आज?

गाठ आहे. कधी कधी दिवसभर लक्षात राहत नाही, कधी आंघोळीत हात लागतो आणि पोटात खड्डा पडतो, मग रजिस्टरात एक शब्द आणि पुढचं काम. ज्यांना कुठं जावं कळत नाही त्यांनी सरकारच्या टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री पण उचलतात. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर साडेसहाची वाट बघायची नाही, तेव्हाच फोन करायचा.

एक विनंती. मी लॅबमध्ये आहे हे आता सांगून बसलेय त्यामुळे आधीच सांगते, मला रिपोर्टचे फोटो पाठवू नका. मी बघणार नाही, "नॉर्मल आहे हो" असं तर अजिबात म्हणणार नाही. सासूबाईंचं वाक्य चिकटवीन.